शॉवरमधले मक्याचे दाणे

शॉवरच्या पांढऱ्या तळात मक्याचे दाणे होते. लोरेनने त्या आठवड्यात मका खाल्ला नव्हता.

ती सुपरमार्केटमधल्या बेकरी काउंटरवरची सकाळची पाळी संपवून घरी आली होती. अंगात अजून कोट होता. आधी तिला वाटलं, आपल्याच हातून काही सांडलं असेल. मग तिने वाकून पाहिलं आणि झटकन मागे सरली. दाण्यांभोवती राखाडी पाणी होतं आणि पाण्यात कागदाचा लगदा. जाळीतून एक बुडबुडा वर आला, फुगला, फुटला. त्यातून जो वास बाहेर पडला, तो पुढे वर्षभर त्या घरातून गेला नाही.

वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश केला. लोरेनच्या डोळ्यांदेखत पाणी बोटभर चढलं.

लोरेन टॅप्सेल तेव्हा साठीला आली होती. लंडनच्या टोकाला एरिथमध्ये, थेम्सच्या काठी, किंगफिशर कोर्ट नावाची नवी इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर तिने घर घेतलं होतं. घेतलं म्हणजे चाळीस टक्के घेतलं. उरलेलं साठ टक्के घर, अशी घरं हिश्श्याने विकणाऱ्या एका संस्थेचं. त्या साठ टक्क्यांचं ती भाडं भरायची, आपल्या चाळीस टक्क्यांचं कर्ज फेडायची आणि मेंटेनन्स सगळाच्या सगळा द्यायची. घरात काही बिघडलं तर दुरुस्ती शंभर टक्के तिची. सह्या करताना तिने घर विकणाऱ्या मुलीला विचारलंही होतं, "म्हणजे अर्ध्याहून जास्त बाथरूम तुमचं, पण नळ गळला की पूर्ण माझा?"

मुलगी गोड हसली होती. "सगळे असंच घेतात, लोरेन."

सगळे असंच घेतात म्हटल्यावर लोरेनला पुढे विचारणं प्रशस्त वाटलं नाही.

आणि तिला तो शॉवर हवा होता. घर दाखवायला नेलं तेव्हा ती बाकी काही पाहायला थांबली नव्हती. सरळ बाथरूममध्ये गेली होती. उंबरा नाही, टब नाही, पाय उचलायचा प्रश्न नाही. भिंतीला धरायला दांडा, एका बाजूला बसायची फळी. तिने मनातल्या मनात ग्रॅहमला त्या फळीवर बसवून पाहिलं होतं. बरोबर मावला.

ग्रॅहम तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी ओलांडलेला, जन्मापासून डाऊन सिंड्रोम, आता गुडघेही गेलेले. आई होती तोवर दोघं आईजवळ कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात राहिली. आई गेली, कौन्सिलने घर परत घेतलं. लोरेन भाड्याच्या एका खोलीत गेली आणि ग्रॅहम केअर होममध्ये. तिथे त्याला मारत नसत, उपाशी ठेवत नसत. पण चादर ओली झाली की सगळ्यांसमोर विचारत, "कुणी केलं हे?" लोरेनने एका रविवारी ते आपल्या कानांनी ऐकलं. त्याच दिवशी तिने त्याला सांगितलं, "मी घर घेतलं ना, की तू माझ्याकडे."

ग्रॅहमने तेव्हाच बॅग भरली. ती अजून त्याच्या पलंगाखाली भरलेलीच होती. लागतील तसे कपडे तो त्यातून काढायचा आणि धुऊन आले की पुन्हा त्यातच ठेवायचा.

कौन्सिलची अट साधी होती. त्यांची बाई येऊन घर बघेल. ग्रॅहमला तिथे नीट आंघोळ करता येते असं तिला दिसलं, की तो बहिणीकडे जाईल.

म्हणजे सगळं त्या शॉवरवर होतं. आणि शॉवरमध्ये परक्यांचे मक्याचे दाणे होते.

लोरेनने हातमोजे चढवले, भांड्याने ते पाणी बादलीत काढलं, ब्लीच ओतलं, पुन्हा ओतलं. मग हात कोपरापर्यंत धुतले आणि संस्थेच्या दुरुस्ती विभागाला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका तरुण मुलाचा आवाज आला.

"सॉरी हं बाळा, त्रास देतेय तुला," लोरेन म्हणाली. "तुमच्याकडे कामाची गर्दी असणार. अगदीच घाईचं आहे असं नाही. पण शॉवरमधून थोडंसं पाणी उलटं येतंय."

"तातडीचं आहे का?"

"नाही, नाही. तुमच्या सवडीने. मी आहे ठीक."

ती ठीक नव्हती. पण ही तिच्या घरातली बोलायची रीत होती. कुणाकडे काही मागायचं तर आधी सॉरी, मग घाई नाही, मग जमलं तर. बसमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी सॉरी आपणच म्हणायचं. तिचे वडील छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेले होते. "तुमचा वेळ घेतोय, सॉरी," असं त्यांनी आधी म्हटलं आणि दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. ते बाकावरच गेले. दफनाच्या दिवशी लोक म्हणाले, किती सभ्य माणूस.

प्लंबर आला तेव्हा थंडी सरत आली होती. वेन त्याचं नाव. अंगाने आडवा, तोंडाने बडबड्या. त्याने जाळी उघडली, लांबलचक तार आत सोडली, कॅमेरा सोडला आणि मग मात्र त्याची बडबड थांबली.

"तुमचा पाइप लख्ख आहे, बाई," तो म्हणाला. "इमारतीचा सांडपाण्याचा मोठा नळ तुंबलाय. तुमच्या फरशीच्या खालून जातो तो. वरच्या सगळ्या मजल्यांचं तिथे येऊन अडतं आणि सगळ्यात खाली कोण, तर तुम्ही."

"मग तो साफ कराल का? म्हणजे, जमलं तर."

"मला त्याची ऑर्डर नाही. मला तुमच्या घरातलंच बघायला सांगितलंय. हात लावला तर माझीच चामडी सोलतील."

"बरं. सॉरी. चहा घ्याल ना?"

वेनने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, मग किटलीकडे. "नको," तो म्हणाला. "आत्ताच झाला."

दारात उभा राहून चहा नाकारणारा प्लंबर लोरेनने जन्मात पाहिला नव्हता. तो गेल्यावर ती कितीतरी वेळ आपल्याच कपांकडे बघत बसली. मग तिने ते सगळे उकळत्या पाण्यात घातले.

त्यानंतरचं वर्ष असं गेलं. ती संस्थेला फोन करायची. संस्था म्हणायची, मोठा नळ आमचा नाही, इमारतीखालच्या जमिनीच्या मालकाचा. मालकाच्या कचेरीत म्हणत, आम्ही देखभाल कंपनी नेमली आहे, तिला विचारा. देखभाल कंपनी म्हणायची, रहिवाशांशी आम्ही बोलत नाही, संस्थेमार्फत या. लोरेन पुन्हा संस्थेला फोन करायची, पुन्हा आधी सॉरी म्हणायची.

पाणी रोज यायचं नाही. आलं की सगळं घेऊन यायचं. कधी केसांचे पुंजके, कधी तेलाची पांढरी साय, कधी ज्याचं नाव घेऊ नये ते. ती शॉवरवर ताडपत्री टाकून ठेवायची आणि मोरीत उभं राहावं तशी बेसिनपाशी उभी राहून अंग पुसून घ्यायची. कामावर जाताना दंडाचा वास घेऊन बघायची. एकदा काउंटरवर पाव कापताना एका म्हातारीने नाक आक्रसलं. बहुतेक तिला शिंक येत होती. लोरेनने तरीही मागे जाऊन एप्रन बदलला. परत आली तेव्हा तिला कुणाच्याही नजरेला नजर द्यावीशी वाटेना.

दुसऱ्या मजल्यावर फोलाके राहायची. नायजेरियन आईबापांची लेक, लंडनची बस चालवायची. जिभेला हाड नाही, पण मायाळू. तिचंही घर असंच, थोडं तिचं, बाकी संस्थेचं. नव्या वर्षाचं मेंटेनन्सचं बिल आलं, तेव्हा ती ते फडकवतच खाली आली.

"आंटी, बघितलंत का? मोठ्या नळाची सफाई, वर्षातून दोनदा. पैसे लावलेत. मागच्यापेक्षा जास्त."

"असेल ना केलेली."

"कुणी केली? मी तर त्या यंत्राने पानं उडवणाऱ्या माणसालाच बघते. आपल्याकडे झाड नाही, आंटी. पार्किंगमधला कचरा तो या भिंतीकडून त्या भिंतीकडे उडवतो आणि जातो. त्याचेही आपणच देतो." मग तिला वास आला. तिने ताडपत्रीचं टोक उचलून पाहिलं आणि सोडून दिलं.

"यातलं थोडं माझं आहे ना?" तिने विचारलं.

"सगळ्यांचंच असेल गं. तू काय करणार?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"उगीच तुला कशाला…"

"आंटी, माझी घाण तुमच्या घरात येते आणि तुम्ही मला जिन्यात गुड मॉर्निंग म्हणता. हे सभ्यपण नाही. हे काय आहे, मला कळत नाही."

फोलाकेनेच तक्रार वरपर्यंत नेली. संस्थेच्या कचेरीत बैठक ठरली. काचेची खोली, मध्ये टेबल, टेबलावर बिस्किटं. समोर टोबी नावाचा अधिकारी. तिशीच्या आतला, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, पट्ट्यावर इंद्रधनुष्य. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं की त्याला लोरेनचा त्रास मनापासून समजतो.

"समजतो तर नळ साफ करा," फोलाके म्हणाली.

"तेच बघतोय आपण. नोंदीनुसार हे काम 'तातडीचं नाही' या रांगेत आहे. रहिवाशांच्याच विनंतीवरून."

"कोणत्या रहिवाशाच्या?"

टोबीने लॅपटॉप वळवला. "आम्ही सगळे फोन रेकॉर्ड करतो. रहिवाशांचं म्हणणं आम्ही शब्दशः घेतो."

आणि त्याने तिलाच तिचा आवाज ऐकवला. सॉरी हं बाळा, त्रास देतेय तुला. अगदीच घाईचं आहे असं नाही. मग पुढचा फोन. मीच पुन्हा, सॉरी, तुमच्या सवडीने. मग त्याच्या पुढचा. नाही नाही, मी ठीक आहे. प्रत्येक वेळी नवा फोन, नवी नोंद, आणि प्रत्येक वेळी रांगेचं शेवटचं टोक. तो आवाज पातळ होता, लाडीगोडीचा, नोकराने मालकाच्या कुत्र्याशी बोलावं तसा. लोरेनला स्वतःच्या आवाजाची किळस आली. शॉवरमधल्या पाण्याची आली नव्हती इतकी.

"पण ही बोलायची पद्धत आहे," फोलाके म्हणाली. "तू इथलाच ना रे? तुझी आई नाही असं बोलत?"

टोबी क्षणभर लाल झाला. त्याची आई असंच बोलत असणार. मग त्याने लॅपटॉप मिटला. "भावनांवर आम्ही रांग ठरवू शकत नाही."

"सॉरी," लोरेन म्हणाली. तोंडातून निघून गेलं.

टोबीने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. तिने एक घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बाहेर आल्यावर तिने ते कचऱ्यात टाकलं.

कौन्सिलची बाई येणार होती त्याच आठवड्यात. तारीख पुढे ढकलणं शक्य नव्हतं. आधीच तीनदा ढकलली होती आणि आता केअर होमवाले ग्रॅहमला दूर किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावी हलवायचं म्हणत होते. उपाय फोलाकेने काढला. तिने इमारतीतली सगळी दारं ठोठावली. त्या सकाळी, ती बाई घरात असेपर्यंत, कुणीही पाणी वापरायचं नाही. आंघोळ नाही, भांडी नाही, संडास तर नाहीच.

"आणि लागली तर?" तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"दाबून धरा, अंकल. लढाईच्या गोष्टी सांगता ना नेहमी? समजा ही लढाईच."

सगळे कबूल झाले. जी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहत, ती सगळी त्या सकाळी आपापल्या घरात पोट आवळून बसली. लोरेनने पहाटेच उठून शॉवर घासला होता, खिडकी सताड उघडली होती, ओव्हनमध्ये पाव टाकला होता. घरात फक्त पावाचा वास होता.

कौन्सिलच्या बाईचं नाव हेदर. ठेंगणी, शांत, दमलेली. तिने ग्रॅहमला बरोबर आणलं होतं आणि ग्रॅहमने बॅग आणली होती.

"आजच राहायचं नाहीये हं ग्रॅहम," हेदर म्हणाली. "आज फक्त बघायचं."

"हो," ग्रॅहम म्हणाला, आणि बॅगेतून चप्पल काढून पलंगाशेजारी ठेवली.

हेदरने पलंग पाहिला, दारांची रुंदी पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं. मग ती बाथरूममध्ये आली. "अरे वा," ती म्हणाली. "असं कुठे मिळत नाही हल्ली."

ग्रॅहमने दांडा धरून पाहिला. फळीवर बसून पाहिलं. मग गुडघे सांभाळत तो खाली उतरला आणि चक्क तळात फतकल मारून बसला, लहानपणी टबात बसायचा तसा. तळहाताने त्याने पांढरा तळ थोपटला. "गुळगुळीत आहे, लोरी." मग तोच हात त्याने तोंडाशी नेला, खूश झाला की नेतो तसा, आणि बोटं चोखायला लागला.

"आणि पाणी वगैरे सगळं ठीक आहे ना?" हेदरने विचारलं. पेन तिच्या हातात होतं. तिलाही होच हवं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

सगळं ठीक आहे. लोरेनने हे वाक्य आयुष्यभर म्हटलं होतं. आता पहिल्यांदाच त्या वाक्याचा उपयोग होता. एवढंच म्हणायचं, आणि ग्रॅहमची चप्पल जिथे होती तिथेच राहिली असती.

ती ग्रॅहमच्या बोटांकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ठीक नाही. ग्रॅहम, ऊठ राजा. माझा हात धर. ऊठ तिथून." तिने त्याला उठवलं, बेसिनपाशी नेऊन त्याचे हात साबणाने धुतले, बोट न् बोट. मग तिने फोलाकेला फोन लावला. "सगळ्यांना सांग, ओढा म्हणावं."

"आंटी, ती बाई गेली?"

"नाही. इथेच उभी आहे. ओढा."

इमारतभर एकामागोमाग एक फ्लश झाले. भिंतीतून घरघर खाली आली. मग जाळी उचकी दिल्यासारखी हलली आणि सकाळभर दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. पांढरा तळ दिसेनासा झाला. पाणी दारापर्यंत आलं. हेदरने बाहीने नाक दाबलं आणि तोंड फिरवलं. पावाचा वास कुठच्या कुठे गेला.

ग्रॅहम भिंतीला चिकटला होता.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "लोरी, मी नाही केलं."

लोरेनने त्याला जवळ घेतलं. तो हेदरकडे बघून पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

हेदर वाईट बाई नव्हती. तिने बाहेर व्हरांड्यात लोरेनच्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, तुम्ही बोलला नसता तर मी सही केली असती. म्हणाली, मी कौन्सिलच्या आरोग्य खात्याला कळवते, ते संस्थेला नोटीस काढतील. मग ग्रॅहमला गाडीत बसवून ती परत घेऊन गेली. चप्पल राहिली. तोवर पाणी पलंगापर्यंत पोचलं होतं. लोरेनने ती चिमट्याने उचलून पिशवीत घातली, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बाहेरच्या डब्यात टाकली.

मग तिने संस्थेला फोन लावला. या वेळी सॉरी म्हटलं नाही. "तातडीचं आहे," ती म्हणाली. "माझ्या घरात विष्ठा आहे. माणूस आत्ता पाठवा."

"मॅडम, तुमचा आवाज चढलाय," पलीकडची मुलगी म्हणाली. "आमच्या कर्मचाऱ्यांशी असं बोलल्यास आम्हाला फोन बंद करावा लागतो."

"करा. मी परत लावीन."

मुलीने बंद केला. लोरेनने परत लावला.

नोटीस निघाली. त्यावर जमिनीच्या मालकाने हरकत घेतली. फोलाकेने सह्या गोळा करून घरांचे तंटे सोडवणाऱ्या ट्रायब्युनलकडे अर्ज केला आहे. तारीख लागायची आहे. देखभाल कंपनीने एकदा माणसं पाठवली. त्यांनी गटाराचं झाकण उघडलं, फोटो काढले, झाकण लावलं. त्याचे पैसे पुढच्या बिलात आले, सगळ्यांच्या, आणि लोरेनच्याही.

ग्रॅहमला किनाऱ्यावरच्या गावी हलवलं. लोरेन रविवारी आगगाडीने जाते. जाण्याआधी ती कामावरच्या बायकांच्या खोलीत आंघोळ करते. ग्रॅहम खिडकीशी बसलेला असतो, बॅग पायाशी. ती आत आली की तो आधी तेच सांगतो.

"मी नाही केलं."

"नाही राजा. तू नाही केलंस."

"मग कुणी केलं?"

इतके दिवस ती विषय बदलायची. मागच्या रविवारी नाही बदलला. त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "ज्यांना आपण घराचं भाडं देतो ना, त्यांनी."

ग्रॅहमने बॅग पायाजवळ ओढली.

"ते सॉरी म्हणाले?"

"नाही."

"शी," ग्रॅहम म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.